दाब नसलेली पँट

माझ्या मायच्या लेखी कपडे दोनच प्रकारचे होते. दाब असलेले आणि दाब नसलेले. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला दाब म्हणायचं. अंग वाढलं की शिवण उसवायची, आतलं कापड बाहेर घ्यायचं, नवी टीप मारायची, की तोच कपडा आणखी दोन वर्षं चालला. बाहेर आलेलं कापड उन्हानं, धुण्यानं विटलेलं नसायचं, त्यामुळे शिवणीच्या बाजूनं गडद पट्टा दिसायचा. सागाच्या बुंध्यावरची वर्तुळं मोजून झाडाचं वय सांगतात ना, तसं आमच्या गावातल्या पोरींच्या झग्यावरचे पट्टे मोजून कोणती पोरगी कितवीत आहे ते सांगता आलं असतं. माझ्या एका निळ्या झग्यावर तीन पट्टे होते. चौथ्याला कापड उरलं नाही तेव्हा मायनं त्याची उशीची खोळ केली, आणि मग मी त्याच्यावर डोकं ठेवून झोपत होती. वाया काही गेलं नाही.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहरापासून तीन कोसांवर. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला बोडी, म्हणजे गावचं लहान तळं, आणि मधल्या जागेत आमची पंचवीस-तीस घरं. बाबा मूलच्या एका राईस मिलमध्ये बॉयलरवर होते. तिथे धान उकडायचं, वाळवायचं, मग भरडायचं. बाबा घरी आले की ते दारात दिसायच्या आधी उकडलेल्या धानाचा वास यायचा. चुलीला आम्ही मिलचाच कोंडा वापरायचो. डब्यात ठासून भरलेला कोंडा पेटला की एक बारीक घूं असा आवाज सुरू व्हायचा, सकाळभर. त्या आवाजात मी वाचायची. आजही गॅसच्या चुलीवर स्वयंपाक करताना मला फार शांत शांत वाटते, काहीतरी बंद पडल्यासारखं.

दहावी झाली. गावात पहिली मुलगी मी. बाबा मिलच्या मुनीमजीकडून एक जुनी सायकल घेऊन आले. डंडा असलेली, माणसांची, मागं धानाचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, बसेल एवढं मोठं कॅरिअर. लेडीज सायकल नवी घ्यावी लागली असती, आणि नवी सायकल आमच्या घरात कोणी पाहिलीही नव्हती. एसटी एकच होती सकाळी, ती पावसाळ्यात आली तर आली. म्हणून अकरावी मूलला, आणि मूलला सायकलनं. ठरलं.

आता डंड्याच्या सायकलवर सलवार घालून चढणं काय असते ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. पाय वर टाकताना कापड ताणते, खाली आणताना सीटला अडकते, आणि चालवताना पायाशी लोंबणारा घोळ चेनमध्ये जाते. रबर लावून पाहिलं. सुतळी बांधून पाहिली. एका दिवशी नाल्याच्या उतारावर चेननं सलवार धरली ती सोडेचना. मी, सायकल, डबा, भूगोलाचं पुस्तक, सगळे नाल्यात. गुडघा फुटला. सलवार मांडीपर्यंत फाटली. अंगाला ओढणी गुंडाळून, सायकल ढकलत मी घरी आली.

बाबांनी गुडघा पाहिला, सायकल पाहिली. "बस झालं आता," म्हणाले. "एसटीनं जमते तर जा. नाई जमत तं घरी राहा. सायकल मी वापस करतो."

माय तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "सायकलीचा काय दोष हाये?" म्हणाली. "घोळाचा दोष हाये. माणसं नाई पडत ते. पँट घालते म्हून नाई पडत. इले पँट घेऊन द्या."

माझी माय शाळेत गेलेली नव्हती. पण धानाच्या रोवणीत चिखलात उतरताना लुगड्याचा काष्टा गुडघ्याच्या वर मारायची आणि वरून बाबांचा जुना फुलबाह्यांचा खाकी शर्ट घालायची, मिलमधून मिळालेला. आमच्याकडच्या साऱ्याच बाया घालायच्या, उन्हापासून, पानांच्या धारेपासून अंग वाचावं म्हणून. तेव्हा कोणता कपडा बाईचा आणि कोणता माणसाचा हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. कामाचा आहे की नाही, एवढंच. बाबांनी सायकलचं हँडल सरळ केलं. मग म्हणाले, "दिवाळीनंतरच्या परीक्षेपर्यंत पाहू. अजून एकदा पडली तं सायकल मिलमध्ये."

गुडघा बरा होतो न होतो तर मला हिवतापानं धरलं. आमच्या भागात पावसाळ्यात कोणाला ना कोणाला तो धरतोच, पण मला त्या वर्षी असा धरला की पंधरा-वीस दिवस सोडलं नाही. दुपारी थंडी वाजायची, खाटेचे पाय थरथरायचे. दवाखान्याच्या कडू गोळ्या खाऊन तोंडाची चव गेली. पेजेशिवाय काही पोटात राहत नव्हतं. उठली तेव्हा हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. आणि खरं सांगते, आरशात पाहून मला आनंद झाला. गालाची हाडं दिसत होती, कंबर मुठीत मावेल अशी. लहानपणापासून मी अंगानं भरलेली. शेजारच्या बाया मला 'धानाची ढोली' म्हणायच्या, म्हणजे बांबूची मोठी कोठी. त्या ढोलीची आता काठी झाली होती आणि मला वाटलं, हीच खरी मी, एवढे दिवस आत लपलेली.

या अंगानं मी मायसोबत चंद्रपूरला गेली पँट घ्यायला.

गोल बाजाराच्या मागच्या एका गल्लीत एक म्हातारा दुकानदार बसायचा. दुकान म्हणजे एक पलंग, त्याच्यावर पँटींचा ढीग, आणि मागं दोरीला टांगलेली चादर. मोठ्या दुकानातली जीन्स आम्ही आधी फक्त किंमत विचारून आलो होतो. तिथल्या दुकानदारानं सांगितलेली किंमत ऐकून माय त्याला म्हणाली होती, "बरं, राहू द्या जी, तुमाले लागन." इथल्या पँटी पोरांच्याच होत्या, कुठे शिलाई वाकडी, कुठे खिसा तिरपा, म्हणून स्वस्त. मायनं कापड चिमटीत धरलं, चोळलं, दातानं टोक ओढून पाहिलं. "चेन खाणार नाई इले," म्हणाली. "दात पडतीन चेनीचे."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, ढिगातून एक पँट काढली आणि तिची कंबर माझ्या कमरेला न लावता गळ्याभोवती गुंडाळली. मी दचकलीच. पँटीची दोन टोकं मानेमागं बरोबर जुळली. "ये लो, तीस नंबर," तो म्हणाला. "गला मिला तो कमर मिली, अम्मा. चालीस साल से बेच रहा हूँ, नापने की पट्टी नहीं रखता."

मी चादरीमागं गेली. सलवारीवरूनच ती पँट चढवली, हात सोडला, तर ती सरळ पायाशी येऊन बसली. मग अठ्ठावीस. तीही ढिली. मग सव्वीस. सव्वीसचं बटण असं लागलं की जणू कोणी माझं माप घेऊन शिवली होती. मी चादर सारून बाहेर आली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"हीच," मी म्हटलं.

मायनं कमरेत बोट घालून पाहिलं. बोट जाईना. "हे तं तापातलं अंग हाये वं मिता. नवं धान आलं की येशीन भरून. तीसच घे, दोरी घालून बांधजो."

"मी दोरीची पँट नाई घालत. आता मी अशीच राहणार हाये."

"अशीच राहते? काऊन? जेवण सोडून राह्यली का?"

"अम्मा ठीक बोलती है," म्हातारा म्हणाला. "गला झूठ नहीं बोलता, बेटी. तीस ले जा."

पण मला गळ्याशी काय करायचं होतं? मला आरसा दिसत होता. त्याच्याकडे वीतभर आरसा होता, त्यात मी तुकड्यातुकड्यानं स्वतःला पाहून घेतलं, आधी कंबर, मग पाय, मग पुन्हा कंबर. मी म्हटलं, सव्वीस नाही तर काहीच नको. माय माझ्याकडे पाहत राहिली. वीस दिवस पेज भरवली होती तिनं. त्या वीस दिवसांनंतर मी पहिल्यांदा काहीतरी हट्टानं मागत होती. तिनं कमरेची पिशवी सोडली. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून मिळालेले पैसे होते ते. परतताना एसटीत पँट मांडीवर घेऊन तिनं शिवण उलटी करून पाहिली, एकदा पाहिली, दोनदा पाहिली. मला तेव्हा कळलं नाही ती काय शोधत होती.

पुढचे दोन महिने मात्र विचारू नका. डंड्यावरून पाय टाकला की मी वाऱ्यावर. नाल्याचा उतार मी ब्रेक न लावता उतरायची. पारावरचे म्हातारे पहिल्या दिवशी आपसात म्हणाले, "कोणाचा पोरगा हाये हा?" मी सायकल थांबवून सांगितलं, "बॉयलरवाल्याची पोरगी हाये जी आबाजी, ओळखली नाई का?" त्यातला एक म्हणाला, "ओळखली. तोंडावरून ओळखली. नाल्यात पडली होती ते." असे आमचे म्हातारे. वर कुर्ता, खाली जीन्स, पाठीवर दोन वेण्या. चंद्रपूरच्या कॉलनीतल्या साहेबांच्या पोरी घालतात तशीच पँट, फक्त डावा खिसा तिरपा.

आणि मग नवं धान आलं. आता यात माझी काय चूक? ज्यानं नव्या तांदळाचा भात खाल्ला आहे, त्याला कळेल. मऊ, किंचित चिकट, त्याचा वास अंगणापर्यंत. सोबत लाखोळीची डाळ, बोडीतले झिंगे कांद्यात परतलेले, अंबाडीची आंबट भाजी. तापानं गेलेली चव एका दिवशी अचानक परत आली, आणि आली ती पाहुण्यासारखी नाही, घरधनीण आल्यासारखी. माय वाढत होती, मी खात होती. दिवाळी होईपर्यंत माझ्या बांगड्या मनगटावर येऊन बसल्या. नुसतं तेवढंच नाही. वय सोळा-सतरा. अंग जिथे जिथे वाढायचं ठरलेलं असते, तिथे तिथे ते वाढत होतं आणि मला विचारत नव्हतं. आधी बटण लावताना श्वास आत घ्यावा लागायचा. मग खाटेवर आडवं पडून लावावं लागायचं. मग बटण लागेना, तेव्हा मी काजात सुतळी ओवली, बटणाला गुंडाळली आणि वरून कुर्ता खाली ओढला. दोरीची पँट घालणार नाही म्हणणारी मीच ती.

परीक्षा मंगळवारी सुरू होणार होती. सोमवारी दुपारी कॉलेजच्या सायकल स्टँडवरून निघताना मी नेहमीसारखा पाय डंड्यावरून टाकला आणि मागची शिवण टर्रकन गेली. काठापासून काठापर्यंत. कुर्ता लांब होता म्हणून वाचली. स्टँडवर चार-पाच जण होते. कोणी पाहिलं, कोणी नाही पाहिलं, मला माहीत नाही, कारण मी मागं वळून पाहिलंच नाही. तीन कोस मी सीटवरून न उठता आली. डोळ्यात पाणी होतं, पण ते परीक्षेसाठी होतं हे लक्षात घ्या. सकाळची एसटी दोन दिवसांपासून आली नव्हती. सलवारीवर गेली आणि पडली तर सायकल मिलमध्ये. नाही गेली तर वर्ष वाया. आणि वर्ष वाया गेलेल्या पोरीला आमच्याकडे पुढच्या वर्षी कॉलेज नव्हतं, नवरा होता.

माय खळ्यावरून नुकतीच आली होती. अंगात तो खाकी शर्ट, केसांत धानाचं कुसळ. मी पँट तिच्यासमोर टाकली. मला वाटलं आता ती चंद्रपूरचं सगळं काढणार. तिनं पँट उचलली, फाटलेल्या जागेतून हात आरपार घातला, आणि म्हणाली, "चाल, नामाभाऊकडे."

नामाभाऊ आमच्या गावचे टेलर. घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, मशीन, आणि मशीनवर लग्नसराईचे कपडे ढिगानं. त्यांनी पँट उलटी करून बोटानं शिवण चाचपली, डॉक्टरनं नाडी पाहावी तशी.

"वहिनी, इच्यात दाबच नाई."

"मी पाह्यलं ते एसटीतच. पण असन कुठीतरी."

"कुठीच नाई. कंपनीवाल्यानं कापड दुमडून वरून दोन टिपा मारल्या. उसवली तं सुताएवढंई निंघत नाई."

माय खरोखर चकित झाली होती. "असा कसा कपडा शिवते जी ते? माणूस वाढत नाई का त्याइच्या गावात?"

"वाढला तं दुसरी घेते."

 माय उभी राहिली, आणि तिथंच, सपरीत, अंगातला खाकी शर्ट काढून मशीनवर ठेवला. "दोन्ही बाजूनं उभी काप. कमरेपासून खालपर्यंत पट्टी घाल याची. मागची शिवणही याच्याच तुकड्यानं जोड."

"माय, उद्या मळणी हाये," मी म्हटलं. "तू काय घालशीन?"

"माहे हात हायेत ना. हात घालीन."

नामाभाऊंनी शर्टाच्या पाठीचा अंदाज घेतला. "दोन बोटं पट्टी देतो. पुरते."

"दिसू दे दोनच बोटं. आत चार बोटं दाब ठेव."

"चार बोटं?" नामाभाऊ हसले. "अशी किती वाढणार हाये वहिनी पोरगी?"

"वाढू दे न जी. तिले कोण अडवून राह्यलं?"

पहिली सुई पँटीच्या पट्ट्यापाशीच मोडली. दुसरी चार बोटं पुढं जाऊन. नामाभाऊंनी मशीनवरून पाय काढला आणि म्हणाले, "आता एकच उरली. ते मोडली तं लग्नवाले मले मोडतीन." माय उठून घरी गेली आणि धुण्याच्या साबणाचा तुकडा आणि मुसळ घेऊन आली. साबण शिवणीच्या जागेवर घासला, खालून वरून. मग पँट त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून, धान कांडतात तशी, जिथं जिथं कापड जाड होतं तिथं तिथं मुसळानं कांडली. नामाभाऊंची बायको बाहेर येऊन पाहायला लागली. मी लाजेनं खांबाआड. पण कापड मऊ पडलं, चपटं झालं, आणि तिसरी सुई साबणातून अशी सरकत गेली की नामाभाऊंनी माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले. दिवे लागायच्या आत पँट झाली. मायनं ती घेतली, तिची कंबर माझ्या गळ्याभोवती गुंडाळली. टोकं मानेमागं जुळली.

"त्या म्हाताऱ्याचं तीसच खरं होतं," म्हणाली. चंद्रपूरचं तिनं काढलं ते एवढंच.

सकाळी मी निघाली. निळी जीन्स, दोन्ही बाजूंनी कमरेपासून पायापर्यंत खाकी पट्टा. बाबा मिलवर जायला निघाले होते. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं, आणि माझ्या सायकलच्या चेनला तेल घालून दिलं. कॉलेजच्या स्टँडवर एक पोरगा, वर्गातलाच, मोठ्यानं म्हणाला, "अरे सरका, हवालदारीण आली."

मी सायकल स्टँडवर लावली. "हो," मी म्हटलं. "सायकली रांगेत लाव मंग. नाई तं चालान फाडीन." सगळे हसले, तोही हसला. पुढची दोन वर्षं माझं नाव हवालदारीणच राहिलं, आणि गंमत म्हणजे सायकली माझ्यासमोर खरंच रांगेत लागायच्या. पेपर भूगोलाचा होता. बाकावर बसली तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की मी पोटभर श्वास घेऊन राहिली आहे. दोन महिने अर्ध्या श्वासावर जगत होती आणि मला ते कळलंच नव्हतं. मोसमी वाऱ्यांवर मी तीन पानं लिहिली.

मी पडली नाही. सायकल मिलमध्ये गेली नाही. बारावी झाली, पुढं अंगणवाडीच्या कामाला लागली, एटापल्लीच्या बाजूला पंधरा पंधरा गावं पालथी घातली, आधी त्याच सायकलवर. ती पँट माझ्यासोबत आली. पहिला दाब, एक बोटभर, बारावीत सोडला. दुसरा नोकरी लागल्यावर, हातात पगार आणि पोटात दोन वेळचं सावकाश जेवण आल्यावर. तिसरा थोरल्या मुलीच्या जन्मानंतर. दर वेळी खाकीचा एक नवा, कोरा, गडद पट्टा बाहेर यायचा, निळं कापड विटत गेलं आणि खाकी रुंद होत गेली. शेवटी ती जीन्स होती की खाकी, हे सांगणं कठीण झालं.

माय जाऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा धाकट्याच्या वेळचं अंग घेऊन मी पुन्हा ती उसवायला बसली. आता शेवटचा दाब, असं मनात धरलं होतं. चार बोटं म्हणाली होती ती नामाभाऊंना, आणि मी चार बोटांचा हिशोब पक्का ठेवला होता. टीप उसवली, आतली घडी उघडली. घडीत धानाचं एक कुसळ निघालं, इतक्या धुण्यांनंतरही कापडात रुतलेलं. आणि घडीच्या आत आणखी एक घडी होती. मी बोटं लावून पाहिली. आधी सोडलेली धरून सहा भरली. मी लाजेनं खांबाआड होती तेव्हा, की साबण लावताना, कधी सांगितलं तिनं नामाभाऊंना, माहीत नाही. माझ्यासमोर तर चारच म्हणाली होती.

आता माझं वय झालं, शुगर आहे, गुडघा तोच दुखतो. अंग वाढायचं तेवढं वाढून झालं असं मला वाटते. परवा पेटी आवरताना पँट गळ्याभोवती गुंडाळून पाहिली. टोकं जुळली, आणि आतल्या घडीत अजून दोन बोटं शिल्लक आहेत. मायनं मला केवढी धरली होती, तेवढी मी अजून झालेली नाही.